मान आखडली, पण आप्पियानी बघून झाला

मिलानमध्ये आज अचानक पाऊस, आणि छत्री नेमकी घरी. म्हणून कोर्सो इतालिया रस्त्यावरच्या, सान चेल्सोजवळच्या सांता मारिया चर्चमध्ये शिरले. मेरीच्या वेदीपाशी कुणा नवरीचा पुष्पगुच्छ, पांढरी रिबीन अजून ताजी. लग्न लागलं की इथे येऊन फुलं वाहायची, अशी इथली रीत. आपल्याकडची नवी जोडपी देवदर्शनाला जातात, तसंच की!

मग वर पाहिलं. घुमटाखाली भित्तिचित्रं: येशूची शुभवर्तमानं लिहिणारे चौघे, सोबत चर्चचे आचार्य, म्हणजे थोर धर्मपंडित. चित्रकार आंद्रेया आप्पियानीने १७९२ ते १७९५ मध्ये रंगवलेले. ओला गिलावा वाळायच्या आत रंग लावायचा, तोही एवढ्या उंचीवर! मी दहा मिनिटं नुसती बघत होते तर मान आखडली.

आप्पियानीचे वडील डॉक्टर, पोरानेही तेच व्हावं अशी घरची इच्छा. (ओळखीचं वाटतंय ना?) हा झाला चित्रकार, पुढे १८०५ मध्ये थेट नेपोलियनचा दरबारी चित्रकार. १८१३ मध्ये पक्षाघात झाला, ब्रश सुटला. १८१७ मध्ये गेला.

मिलानच्या राजवाड्यातली त्याची बरीच चित्रं १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेली. इथली मात्र आहेत.

बाहेर आले तर पाऊस थांबलेला. मी परत आत गेले.