कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर हायवेला पुरते का?

कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर, म्हणजे हॅचबॅकपेक्षा उंच, एसयूव्हीसारखी दिसणारी लहान गाडी, घेण्याच्या विचारात असलेल्या माणसाचा शेवटचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : शहरात चालेल हो, पण हायवेला गाडी ओढेल का? त्याला दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक जण सांगतो की शंभर पीएसच्या (पीएस हे इंजिनाची ताकद मोजण्याचे एकक) खालच्या इंजिनाकडे पाहूसुद्धा नका. दुसरा सांगतो की आपली ऐंशी-पंच्याऐंशी पीएसची गाडी दिवसभर १२० ने विनातक्रार धावते. दोघेही खरेच बोलत असतात. फक्त पहिल्याच्या डोळ्यांसमोर दुपदरी रस्त्यावरचा ओव्हरटेक असतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर मोकळा, सपाट, दुभाजक असलेला रस्ता. या दोन कामांना लागणाऱ्या ताकदीत इतका फरक आहे की त्यांना एकच उत्तर देता येत नाही, आणि म्हणूनच माहितीपत्रकातला पीएसचा एकटा आकडा पाहून निर्णय घेणे मला पटत नाही.

आधी सोपे काम पाहू. माणसे आणि सामान धरून साधारण १५०० किलो वजनाची क्रॉसओव्हर सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरच्या स्थिर वेगाने चालली आहे असे समजा. तिला दोनच गोष्टी अडवतात, हवा आणि टायरचे घर्षण. या आकाराच्या गाडीचा हवेला होणारा विरोध आणि टायरचे घर्षण यांचा हिशेब मांडला, तर चाकांपाशी सुमारे २१ पीएस एवढी ताकद पुरते. वेग १२० केला की ही गरज ३४ च्या आसपास जाते आणि १४० ला ती ५० पर्यंत पोहोचते. वेग वाढवताना गरज एवढी झपाट्याने वाढते याचे कारण असे, की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. त्यामुळे १०० वरून १२० वर गेलो, म्हणजे वेग जेमतेम पाचव्या हिश्शाने वाढला, तरी केवळ हवेसाठी ७३ टक्के जास्त शक्ती मोजावी लागते. तरीसुद्धा आज विकली जाणारी कोणतीही कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर हे काम आरामात करते. ‘माझी गाडी १२० ने मस्त चालते’ या अनुभवातून गाडीच्या ताकदीबद्दल फारसे काही सिद्ध होत नाही, ते यामुळेच.

त्याच इंजिनाची हॅचबॅक हायवेला थोडी हलकी वाटते, तेही या हवेमुळेच. क्रॉसओव्हर उंच असते, तिचा समोरचा भाग मोठा असतो. १०० च्या वेगाला हा फरक तीन-चार पीएसचा, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा असतो. १४० ला तो नऊ-दहा पीएसपर्यंत जातो. वर छतावर सामानाची पेटी बांधली किंवा समोरून जोराचा वारा असला, तर भर पडते ती याच खात्यात. ताशी ३० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर १०० च्या वेगाला गाडीला सुमारे दहा पीएस जादा लागतात.

खरी परीक्षा वेग वाढवताना होते. १५०० किलोची गाडी ८० वरून १२० वर न्यायची म्हणजे तिच्यात सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा भरायची. ती किती सेकंदांत भरता येईल हे हाती उरलेल्या ताकदीवर ठरते, आणि ‘उरलेल्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण हवा आणि टायर आपला वाटा आधी उचलतात. ह्युंदाई व्हेन्यूचे उदाहरण घेऊ, कारण तिथे एकाच बॉडीत दोन वेगळ्या स्वभावांची पेट्रोल इंजिने मिळाली : १.२ लिटरचे बिनटर्बोचे ८३ पीएसचे आणि १ लिटरचे टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा असलेले, १२० पीएसचे. गिअर बदलताना इंजिन सतत आपल्या कमाल शक्तीवर राहत नाही, सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपास असते. त्यातला काही भाग गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्टमध्ये खर्ची पडतो. एवढी वजाबाकी केल्यावर ८३ पीएसच्या इंजिनाचे चाकांपाशी सुमारे ६२ पीएस पोहोचतात आणि १२० पीएसच्या इंजिनाचे ९०. त्यातून हवा आणि टायरचे २१ गेले की एकाकडे ४१ उरतात आणि दुसऱ्याकडे ६९. कागदावर ताकद दीडपटही नव्हती, पण शिल्लक सुमारे पावणेदोन पट झाली. वेळेत सांगायचे तर भरलेली गाडी ८० वरून १२० वर जायला एकीला पंधरा-सोळा सेकंद लागतील आणि दुसरीला नऊ-साडेनऊ. हे माझे कागदावरचे गणित आहे, प्रत्यक्ष गाडीत वजन आणि गिअरप्रमाणे ते थोडे इकडेतिकडे होईल. तरी रस्त्यावर येणाऱ्या अनुभवाशी ते चांगले जुळते. गाडीत एकटा चालक असेल तर पहिलीचा वेळही बाराच्या आसपास येतो, आणि म्हणूनच एकट्याने गाडी चालवणाऱ्याला ती कधी कमी पडत नाही.

आता चढ घ्या. मेट्रिक पद्धतीतला एक पीएस म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची शक्ती. ही व्याख्या घाटात फार उपयोगी पडते. पाच टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर उंची गाठणाऱ्या रस्त्यावर, १०० च्या वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला जवळजवळ १.४ मीटर वर चढत असते. १५०० किलो तेवढे उचलायला २८ पीएस लागतात, हा हिशेब मनातल्या मनातही करता येतो. हे २८ पीएस वरच्या शिलकीतून वजा केल्यावर टर्बो इंजिनाकडे ४१ उरतात आणि बिनटर्बोच्या इंजिनाकडे अवघे १३. म्हणजे टर्बो गाडी भर चढावर जेवढ्या जोमाने वेग घेते, तेवढाच जोम दुसरीला सपाट रस्त्यावर असतो; आणि चढावर दुसरीला ८० वरून १२० वर जायला पाऊण मिनिटाहून अधिक वेळ लागेल, जे व्यवहारात ‘जमणार नाही’ असेच म्हणायचे. समुद्रसपाटीपासून २००० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे १८ टक्क्यांनी घटते आणि बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात कमी होते. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो, कारण तो विरळ हवा दाबूनच आत पाठवतो. डोंगराळ भागात वारंवार भरल्या गाडीने जाणाऱ्याने टर्बो किंवा डिझेल घ्यावे असे मी ठामपणे सांगतो ते या एका कारणासाठी. बाकीची कारणे दुय्यम आहेत.

ओव्हरटेकचा हिशेब पिकअपपेक्षा अंतराचा आहे, आणि तो पाहिला की या सेकंदांचे मोल कळते. १६ मीटर लांबीचा ट्रक ताशी ६० ने चालला आहे. आपली गाडी चार मीटरची. ट्रकच्या मागे २५ मीटर आणि पुढे गेल्यावर २५ मीटर अंतर ठेवायचे धरले, तर ट्रकच्या तुलनेत आपल्याला ७० मीटर जास्त कापायचे असतात. आपण ८० ने जात असू तर याला साडेबारा सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात आपण २८० मीटर पुढे जातो. समोरून येणारी गाडीही ८० ने आली तर तिचे २८० मीटर मिळवून साडेपाचशे मीटरहून जास्त रस्ता मोकळा दिसायला हवा. आपण १०० ने जात असू तर सव्वासहा सेकंद पुरतात आणि मोकळा रस्ता सव्वातीनशे मीटरच्या आत भागतो. ट्रकच्या मागे ६० वर अडकून पडलेली गाडी ८० वर चटकन येते की १०० वर, यावर ती संधी घ्यायची की सोडायची हे ठरते. दुभाजक असलेल्या रस्त्यावर हा प्रश्न उद्भवतच नाही. तिथे ओव्हरटेकला पाच सेकंद जास्त लागले तर मागच्या गाडीवाल्याने दिवे मारण्यापलीकडे काही घडत नाही.

इथपर्यंत मी कमाल ताकद वापरली जाते असे गृहीत धरले. प्रत्यक्षात पुष्कळ चालक ती कधीच वापरत नाहीत. शक्ती म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे). न्यूटन-मीटरमधला टॉर्क आरपीएमने गुणून ७०२४ ने भागला की पीएस मिळतात. वरच्या १.२ लिटर इंजिनाचा कमाल टॉर्क ४००० आरपीएमला ११५ न्यूटन-मीटरच्या घरात आहे, म्हणजे त्या ठिकाणी ६५ पीएस. पूर्ण ८३ पीएस मिळतात ते ६००० ला. जो चालक इंजिनाचा आवाज चढला की घाबरून ३५०० ला गिअर बदलतो, त्याच्या हाती जेमतेम ५७ पीएस येतात, आणि मग तोच म्हणतो की गाडीत दम नाही. टर्बो इंजिनाचा १७२ न्यूटन-मीटर टॉर्क १५०० पासून ४००० पर्यंत सपाट मिळतो, त्यामुळे २००० आरपीएमलाच ४९ पीएस हजर असतात. बिनटर्बोच्या इंजिनाला तेवढ्यासाठी ३००० च्या वर फिरावे लागते. दीड लिटरच्या डिझेलचा टॉर्क सहसा २५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, ते २००० लाच ७० पीएस देते. टर्बो किंवा डिझेल ‘जास्त ओढते’ असे वाटण्यामागे मोठा भाग या खालच्या आरपीएमचा आहे : चालकाने काही न करता ताकद पायाखाली असते. बिनटर्बोच्या गाडीत ती मागून घ्यावी लागते, पाचव्यातून थेट तिसरा गिअर टाकून, ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून, आणि इंजिन ५५०० पर्यंत ओरडत असताना शांत राहून. यात इंजिनाचे काही बिघडत नाही. ते त्यासाठीच बनवलेले असते. पण शेजारी बसलेल्यांना ते आवडत नाही, आणि मला विचाराल तर खरेदीच्या निर्णयात त्यांचाही आवाज मोजायला हवा.

लहान टर्बो इंजिनात एवढी ताकद कशी असेल, हा संशय मात्र आता जुना झाला आहे. फोर्डचे एक लिटरचे तीन सिलिंडरचे इकोबूस्ट इंजिन २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ ठरले आणि ते इकोस्पोर्टसारख्या क्रॉसओव्हरमध्ये १२५ पीएस देत होते. सीसीवरून ताकदीचा अंदाज बांधण्याची सवय तेव्हापासूनच सोडून द्यायला हवी होती. टर्बोची अडचण दुसरी आहे. १५०० आरपीएमच्या खाली तो झोपलेला असतो, आणि चुकीच्या गिअरमध्ये असाल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक-दीड सेकंद काहीच घडत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने या विषयात गोंधळ वाढवला आहे. पाय पूर्ण दाबल्यापासून गिअर खाली येऊन गाडी उसळेपर्यंत एक सेकंद गेला, तर ८० च्या वेगाला गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. टॉर्क कन्व्हर्टर आणि ड्युअल क्लच या प्रकारचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे काम बऱ्यापैकी झटपट करतात. एएमटीमध्ये, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्रच चालवते अशा मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये, गिअर बदलताना ताकद क्षणभर तुटते आणि ओव्हरटेकच्या मध्यावर ती तुटणे फार अस्वस्थ करते, म्हणून अशा वेळी मॅन्युअल मोडमध्ये आधीच गिअर उतरवून ठेवणे बरे. सीव्हीटीवर, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकवर, मात्र अन्याय होतो. पाय दाबला की ती इंजिनाला एका वरच्या आरपीएमवर नेऊन तिथेच धरून ठेवते, आवाज एकसुरी येत राहतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की इंजिन नुसतेच गुरगुरते आहे, गाडी जात नाही. वास्तविक इंजिन कमाल शक्तीजवळ धरून ठेवणे हाच वेग वाढवण्याचा उत्तम मार्ग आहे. कानांपेक्षा स्पीडोमीटरवर विश्वास ठेवावा.

माहितीपत्रकातल्या शून्य ते शंभरच्या आकड्याचा हायवेशी संबंध कमी. त्यात क्लच सोडण्याचे कौशल्य आणि पहिल्या दोन गिअरांचा वाटा फार मोठा असतो. पाहायचाच तर ८० ते १२० चा वेळ पाहावा, आणि चाचणी घेणाऱ्याने तो कोणत्या गिअरमध्ये आणि किती वजनासह मोजला आहे तेही.

टेस्ट ड्राइव्ह बहुतेक वेळा दोन माणसांनिशी, गर्दीच्या रस्त्यावर, पंधरा मिनिटांत उरकली जाते आणि तिच्यातून या प्रश्नाचे उत्तर मिळूच शकत नाही. घरची चार माणसे सोबत न्यावीत, एसी लावावा आणि मोकळा रस्ता मागावा. तिथे वेगमर्यादेत राहूनही दोन गोष्टी तपासता येतात. वरच्या गिअरमध्ये ६० वर असताना पाय हळूहळू दाबून गाडी न गचकता वेग घेते का, हे पाहावे. मग पुन्हा ६० वर येऊन तिसरा गिअर टाकावा, पाय पूर्ण दाबावा आणि १०० येईपर्यंत सेकंद मोजावेत. गाडी भरलेली असताना आठ-नऊ सेकंदांत हे झाले तर दुपदरी रस्त्यावरही ती निभावून नेईल असे मी मानतो. बारा-तेरा लागले आणि आपले बहुतेक रस्ते सपाट व दुभाजकाचे असतील, तर तीच गाडी निर्धास्त घ्यावी. मोठ्या इंजिनासाठी जादा खर्च करण्याचे कारण नाही. घाटरस्ते नेहमीचे असतील, तर मात्र त्याच मॉडेलमधले टर्बो इंजिन चालवून पाहिल्याशिवाय बुकिंग करू नये.