कासव अधिक धोक्यात, की व्हेल शार्क?

कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला कोकणात येणारी मंडळी हमखास विचारतात, की ऑलिव्ह रिडले कासव आणि व्हेल शार्क यांपैकी अधिक धोक्यात कोण आहे. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: व्हेल शार्क. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत कासव ‘असुरक्षित’ वर्गात आहे, तर व्हेल शार्क २०१६ पासून त्याहून गंभीर अशा ‘संकटग्रस्त’ वर्गात. आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मात्र दोघांनाही सारखेच संरक्षण आहे.

माझी काळजी केवळ यादीवरून ठरलेली नाही. कासवाचा ठावठिकाणा आपल्याला माहीत असतो. मादी रात्री वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि ती चोरीला जाण्याआधी कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरता येतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ च्या सुमारास गावकऱ्यांना बरोबर घेऊन हेच काम उभे केले. व्हेल शार्कच्या बाबतीत राखण करावी असा किनाराच नाही. १९९५ साली तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे पिल्ले सापडली, पण त्यांचा जन्म होताना आजवर कोणी पाहिलेला नाही. वयात यायलाच या माशाला दोन-तीन दशके लागत असल्याने एकदा घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. गुजरातेत वेरावळकडे लाकडी होड्यांना चोपडण्याच्या यकृताच्या तेलासाठी त्याची सर्रास शिकार होई. ती थांबवण्यासाठी २००१ मध्ये त्याला अनुसूचीत घेतले गेले.

आता दोघांचीही गाठ पडते ती जाळ्याशी. कासव फुप्फुसांनी श्वास घेते, त्यामुळे ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात फार वेळ अडकले तर बुडून मरते. त्यासाठी जाळ्यातच सुटकेची वाट ठेवणारे साधन बसवता येते. गुरफटलेल्या व्हेल शार्कसाठी बहुधा जाळे कापण्यावाचून इलाज नसतो. संरक्षित प्राणी असा सोडवणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र शासन २०१८ पासून कमाल २५ हजार रुपयांची भरपाई देते, मात्र सुटकेची छायाचित्रे दाखवावी लागतात. मोठे जाळे निकामी झाले तर ही रक्कम फारच तोकडी पडते. कासवांसाठी पैसे देऊ इच्छिणाऱ्यांना मी हल्ली ही भरपाई वाढवण्याची मागणी आधी करायला सांगतो.