'वेमि' की 'वेदे' : एका नोंदीचा दिवस

प्रागमध्ये आद्य-स्लाव्ह, म्हणजे रशियन, चेक, पोलिश अशा स्लाव्ह भाषांची जननी असलेल्या भाषेतल्या, क्रियापदांच्या नोंदी तपासण्याच्या कामात 'जाणणे' या अर्थाचे *वेदेति हे क्रियापद माझ्याकडे आले, तेव्हा त्याची वर्तमानकाळाची रूपावली जवळजवळ तयार होती. ही भाषा कुठेही लिहिलेली सापडत नाही. कन्या-भाषांवरून तिची रूपे बांधावी लागतात आणि प्रत्येक रूपाआधी तारका लावावी लागते. धातू व प्रत्यय यांच्यामध्ये विकरण, म्हणजे जोडणारा स्वर, न घेणारी क्रियापदे तिच्यात पाचच उरली होती, आणि हे त्यांपैकी एक. रूपे अशी: वेमि, वेसि, वेस्ति, वेमु, वेस्ते, वेदेंति, यांतले 'वेसि' मधला इ सोडून शेवटचे इ आणि उ अतिऱ्हस्व होते. 'वेद्-मि' मधला द् गळून 'वेमि' झाले, तर 'वेद्-ति' मधल्या द् चा स् होऊन 'वेस्ति' झाले. संस्कृतात त्याच जोडाक्षराचे 'वेत्ति' होते.

अडचण होती उत्तमपुरुष एकवचनाच्या, म्हणजे 'मी जाणतो' या अर्थाच्या, दुसऱ्या रूपाची. जुन्या चर्च स्लाव्होनिकमध्ये, म्हणजे लेखी मिळणाऱ्या सर्वांत जुन्या स्लाव्ह भाषेत, 'वेमि' बरोबर क्वचित 'वेदे' असेही आढळते. ते विरळ असल्यामुळे तळटीपेत टाकावे, असे आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंचे मत होते. मला ते पटेना. 'वेदे' जुन्या रशियनमध्ये आहे, जुन्या चेकमध्येही आहे. म्हणजे दक्षिण, पूर्व आणि पश्चिम या तिन्ही शाखांत ते पोचले आहे, आणि इतके वेडेवाकडे रूप तिन्हीकडे स्वतंत्रपणे घडले असे मानणे कठीण आहे.

बाईंनी विचारले, "संस्कृतात काय आहे?" मी अष्टाध्यायी उघडून 'विदो लटो वा' (३.४.८३) हे सूत्र त्यांच्यापुढे ठेवले. विद् धातूला वर्तमानकाळाच्या लट् प्रत्ययांऐवजी विकल्पाने लिट् चे, म्हणजे परोक्ष भूतकाळाचे, प्रत्यय लागतात, असे पाणिनी सांगतो. म्हणून 'मी जाणतो' या अर्थी 'वेद्मि' आणि 'वेद' दोन्ही शुद्ध. चकार, जगाम यांच्यासारखे द्वित्वही, म्हणजे धातूच्या आरंभाची पुनरावृत्तीही, 'वेद' मध्ये नाही. मूळ धातूचा अर्थ 'पाहणे' असल्याने 'पाहिले आहे, म्हणून जाणतो' असा हा भूतकाळ वर्तमानात उतरलेला आहे. स्लाव्हमध्ये 'वेमि' आणि 'वेदे' यांची नेमकी तशीच जोडी उभी आहे.

पण साम्य तंतोतंत नाही, आणि मला सर्वांत मोलाचे तेच वाटते. संस्कृत क्रियापदांच्या प्रत्ययांचे परस्मैपद आणि आत्मनेपद असे दोन संच आहेत; 'वेद' चा प्रत्यय परस्मैपदी आहे. 'वेदे' मधला शेवटचा ए मात्र जुन्या 'आइ' पासून आलेला, चक्रे, ददे यांतल्या आत्मनेपदी ए च्या जातीचा. लॅटिन 'वीदी', म्हणजे 'मी पाहिले', याच्या अंती हाच प्रत्यय आहे. पुढे सगळीकडे 'वेमि' चीच सरशी झाली: चेक 'वीम', पोलिश 'व्येम' आणि स्लोव्हेनियन 'वेम' ही त्याचीच रूपे. रशियनमध्ये तर 'देव जाणे' अशा अर्थाच्या 'बोग व्येस्त्य' या ठरीव वाक्प्रचारात तृतीयपुरुष तेवढा टिकून आहे.

बाईंनी तिन्ही शाखांचे दाखले पुन्हा ताडून पाहिले, संस्कृत समांतर स्वतःच्या हाताने लिहून घेतले, आणि संध्याकाळी नोंदीच्या पहिल्याच ओळीत *वेमि आणि *वेदे ही रूपे शेजारी शेजारी, दोन्ही तारांकित, गेली.