'झालं' हा खाना मी काढून टाकला

आमच्या जुन्या रजिस्टरमध्ये तीनच खाने होते. नाव-पत्ता, त्रास काय, आणि शेवटी 'झालं'. २०११ साली ह्यांनी नोकरी सोडून नाशिकला पेस्ट कंट्रोलचं काम सुरू केलं, तेव्हापासून फोन आणि रजिस्टर माझ्याकडे आहे. सुरुवातीला दिवसाला एखाद-दुसरं काम असायचं, माणसं तोंडपाठ होती, तीन खाने पुरून उरायचे. पुढे हाताखाली मुलं आली, दुसरी गाडी आली, सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत सोसायट्यांची कामं मिळू लागली. रजिस्टर मात्र तेच राहिलं.

त्या 'झालं'मुळे आमच्या हातून जे घडलं, ते आज लिहायचं आहे.

इंदिरानगरमधल्या एक काकू. सत्तरीच्या, शिक्षिका म्हणून निवृत्त, घरात एकट्या. त्यांच्याकडे ढेकूण झाले होते. फोनवर तो शब्द उच्चारायलाही त्यांना जड जात होतं. "अहो ताई, ते अंथरुणात असतात ना, ते," एवढंच म्हणाल्या. आमची मुलं गेली, फवारणी केली, पैसे घेतले, आणि संध्याकाळी मी त्यांच्या नावापुढे 'झालं' लिहून मोकळी झाले.

ढेकणांचं काम एका फवारणीत होत नाही. औषधानं चालते-फिरते ढेकूण मरतात, अंडी शाबूत राहतात. ती साधारण आठ-दहा दिवसांत फुटतात. म्हणून पंधराव्या दिवसाच्या आसपास दुसरी फवारणी करावीच लागते, नवी पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालायच्या आत. हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण ते रजिस्टरमध्ये कुठेच नव्हतं. पंधरावा दिवस उलटून गेला, कोणाच्या लक्षात आलं नाही. सहाव्या आठवड्यात काकूंच्या मुलीचा पुण्याहून फोन आला.

त्या दिवशी मुलांबरोबर मीही गेले. काकूंचा पलंग जुना, सागवानी. उशाकडच्या फळीच्या सांध्यावर बॅटरी मारली तर शाईचा पेन झटकल्यासारखे काळे ठिपके, फटीत वाळलेल्या कातींचे पापुद्रे, आणि स्क्रूच्या भोकात काहीतरी हलत होतं. काकू महिनाभर स्वयंपाकघरात चटई टाकून झोपत होत्या. त्यांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चट्ट्यांची रांग होती. मी विचारलं, फोन का नाही केलात? म्हणाल्या, "मला वाटलं माझीच झाडलोट कमी पडते. आणि तुम्हाला परत बोलवायचं म्हणजे परत पैसे." त्यांनी दिलेले पैसे दोन्ही फवारण्यांचे होते. ते त्यांना आमच्यापैकी कोणीच सांगितलं नव्हतं.

आम्ही दोन्ही फवारण्या नव्यानं केल्या, अर्थातच बिनपैशांनी. पण महिनाभराची ती झोप काही परत देता येत नाही. त्या रात्री मी रजिस्टर घेऊन बसले आणि 'झालं'वर रेघ मारली.

मधे एक सॉफ्टवेअर घेऊन बघितलं होतं. त्यात ग्राहकाच्या पायऱ्या तयारच असतात: लीड (म्हणजे चौकशी करणारा), फॉलोअप, कोटेशन, क्लोज. क्लोज म्हणजे पैसे आले. म्हणजे पुन्हा 'झालं'च की! आमच्या धंद्यात पैसे आल्यावर खरं काम सुरू होतं, आणि त्यासाठी तिथे एकही पायरी नव्हती. मग मी गूगल शीटमध्ये आपल्या भाषेत खाने केले. फोन आला. बघून आलो. दर सांगितला. पहिली फवारणी. दुसरी फवारणी. विचारपूस. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. गप्प झालेले. प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी भरल्याशिवाय ओळ पूर्ण धरायची नाही: पुढचा फोन कोणी करायचा, आणि कोणत्या तारखेला. 'ग्राहक करतील' असं लिहायला आमच्याकडे बंदी आहे. मुलांना सुरुवातीला हे जाचक वाटलं. आता तेच एकमेकांना टोकतात.

तारखा मात्र सगळ्यांना एकच लावून चालत नाहीत. त्या किडीवर ठरतात, हे मला खाने भरता भरता नीट कळत गेलं. झुरळांचं घ्या. हल्ली आम्ही बिजागऱ्यांत, ओट्याखाली, सिंकच्या पाइपपाशी जेलचे, म्हणजे झुरळं खाऊन मरतात अशा औषधाचे, बारीक ठिपके लावतो. दोन-तीन दिवसांनी झुरळं भर दिवसा बाहेर येतात, लडबडतात, ओट्यावर उताणी पडतात. घरच्या बाईला वाटतं, हे तर वाढलं! ती दुकानातून स्प्रे आणून मारते. स्प्रे मारला की झुरळं त्या जागेकडे फिरकत नाहीत, जेल तसंच वाळून जातं आणि सगळं काम वाया. म्हणून झुरळांच्या नावापुढे तिसरा दिवस. त्या दिवशी सकाळी मीच फोन करते. "ताई, आज-उद्या झुरळं बाहेर दिसतील, घाबरू नका, ती मरायला आली आहेत. स्प्रे मारू नका, ठिपके पुसू नका." एवढ्या एका फोननं परत जाण्याच्या खेपा किती वाचल्या, ते आमच्या पेट्रोलच्या खर्चातही दिसतं.

वाळवीचं त्याहून वेगळं. तिथे भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथे साधारण फूटभर अंतरानं भोकं पाडून आत औषध भरतो, वरून पांढरं सिमेंट. आम्ही पाच वर्षांची हमी देतो. म्हणजे ते नाव पाच वर्षं शीटमधून हलत नाही, दर जूनमध्ये वर येतं. पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, आणि रात्रीपर्यंत माझ्या व्हॉट्सॲपवर फोटोच फोटो. दोन्ही जोड्यांचे पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असेल तर वाळवी. पुढचे पंख लांब, मागचे आखूड आणि कंबर बारीक असेल तर मुंग्या. वाळवी असली तरी मी आधी विचारते, खिडकीतून आली की भिंतीतून निघाली? खिडकीतून दिव्यावर आली असेल तर दिवा बंद करा, सकाळी पंख झाडून टाका, आमची गरज नाही. चौकटीतून किंवा भिंतीतून निघत असेल तर लगेच येतो.

या 'गरज नाही'वाल्यांसाठी मी नंतर एक खाना वाढवला: 'काम नाही, ओळख झाली'. ह्यांना तो पटत नव्हता. पैसे नाहीत तर नोंद कशाला ठेवायची? पण शीटमध्ये 'कोणाकडून कळलं' असंही मी विचारून लिहिते, आणि त्यात या लोकांची नावं पुन्हा पुन्हा येतात. ज्यांना आपण काम नको म्हणालो, ते शेजाऱ्याला आपलं नाव सांगतात. हे बघितल्यावर ह्यांनी वाद घालायचं सोडलं.

'गप्प झालेले' या खान्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. पूर्वी वाटायचं, दर सांगितल्यावर माणूस गप्प झाला म्हणजे दर जड गेला. मग एकेकाला फोन करून विचारायला लागले. कोणाच्या घरात लहान बाळ होतं आणि औषधाची भीती होती, कोणाकडे म्हातारी सासू अंथरुणाला खिळलेली, चार तास घर बंद ठेवून जायचं कुठे हा प्रश्न. दोन्हींवर उपाय आहेत. बाळाच्या घरी पुष्कळदा नुसत्या जेलवर भागतं, सासूबाईंच्या घरी एकेक खोली करून दोन दिवसांत काम होतं. पण आधी कोणीतरी विचारायला हवं.

आणि एक खाना असा आहे जो मी कधीच मुलांच्या फोनवर उघडा ठेवत नाही. 'सांभाळून'. त्यात मी लिहिते: गाडी गेटबाहेर लावायची. वॉचमनला 'इलेक्ट्रिशियन' सांगायचं नाही, खोटं बोलायचं नाही, नुसतं फ्लॅट नंबर सांगायचा. दुपारी चारनंतरच फोन. सासरच्या माणसांनी फोन घेतला तर कंपनीचं नाव न सांगता ठेवायचा. ढेकूण काही घाण घरातच होतात असं नाही, रेल्वेच्या बर्थवरून, लॉजवरून, पाहुण्यांच्या बॅगेतून कोणाच्याही घरी येतात. पण सोसायटीत बोभाटा झाला की लोक हळदीकुंकवाला बोलवायचं टाळतात, हे मी बघितलं आहे. काकूंनी सहा आठवडे तोंड उघडलं नाही त्यामागे हेही होतंच.

काकूंचं नाव अजून शीटमध्ये आहे. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या सुट्टीनंतर आणि दिवाळीनंतर, मुलगी-नातवंडं येऊन गेली की मी फोन करते. गेल्या खेपेला त्यांनी स्वतःच पलंगाच्या सांध्यांवर बॅटरी मारून बघितली होती, आणि तो शब्द न अडखळता म्हणाल्या, "ढेकूण नाहीत हो, एकही नाही."

उद्याच्या तारखेला शीटमध्ये सहा नावं आहेत. तीन झुरळांचे तिसरे दिवस, एक दुसरी फवारणी, एक गप्प झालेले. सहावं नाव पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याचं. त्यांची वाळवीची पाच वर्षं ऑक्टोबरमध्ये संपतात. हमीत आहेत तोवर माजघराची चौकट एकदा वरपासून खालपर्यंत ठोकून, पोकळ वाजते का ते ऐकून यायचं आहे.