पोट टिकलं, नववा तास ओलांडला

मंडळी, मोठी बातमी आधी सांगते. परवाच्या रात्रीच्या लॉन्ग रनमध्ये नववा तास गेला, दहावा गेला, आणि अकराव्या तासालाही मी खात होते. चावून, गिळून, वर पाणी पिऊन! एरवी नवव्या तासाच्या आसपास माझं पोट बंड करायचं, त्यामुळे मागचे अपडेट वाचलेल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. पाय शाबूत, श्वास ठीक, कटऑफला, म्हणजे शर्यतीच्या वेळमर्यादेला, भरपूर वेळ शिल्लक, आणि तरी एड स्टेशनच्या (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्याच्या) खुर्चीत तोंडावर हात धरून बसायची पाळी. हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना माझा आनंद पोचेल.

डोंगरवाटांवर सलग शंभर मैल पळायचं वेड लागल्यापासून माझं घोडं याच एका ठिकाणी अडलंय. चढ जमतात. उतारावर क्वाड्स, म्हणजे मांडीचे पुढचे स्नायू, आता बोलत नाहीत. रात्रीची झोपही मारता येते. पण आठ-साडेआठ तास झाले की जिभेवर जेलची (पळताना खायच्या घट्ट साखरी पाकाची) गोडी नकोशी होते, तोंडात पाणी सुटायला लागतं, मग पोटात डुचमळतं. पाऊल टाकलं की आतलं पाणी हेलकावतं, ते मला अक्षरशः ऐकू यायचं. तिथून अर्ध्या तासात सगळं बाहेर. मग खाणं बंद, खाणं बंद म्हणून ताकद बंद, आणि पुढचा रस्ता चालत किंवा गाडीतून.

हे दुखणं माझ्या एकटीचं नाही, याचा थोडा दिलासा आहे. वेस्टर्न स्टेट्स या कॅलिफोर्नियातल्या शंभर मैलांच्या शर्यतीतल्या, २०१३ सालच्या धावपटूंचा अभ्यास झाला होता. त्यात जवळजवळ प्रत्येकाने पोटाची काही ना काही तक्रार सांगितली, आणि कामगिरीवर सर्वांत जास्त घाव घातला तो मळमळीने. म्हणजे पोट सांभाळणं हा या खेळाचाच भाग आहे, चढाईच्या सरावाइतकाच. तरी आपल्यातले कितीजण पोटाचा सराव वेळापत्रकात लिहितात?

आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते तुम्हाला ठाऊक आहे. आलं, मिठाच्या कॅप्सूल, चार-पाच प्रकारची जेल, उकडलेले बटाटे मिठासकट, नुसतं सूप, कॅफीन पूर्ण बंद. प्रत्येकाने थोडा फरक पडला, पण नववा तास काही ओलांडला नाही. म्हणून या वेळी पदार्थ बदलायचं सोडलं आणि पोटात नेमकं काय घडतं त्याच्या मागे लागले.

आधी उसनं ज्ञान. ग्लुकोज आतड्यातून रक्तात नेणारे वाहक, एसजीएलटी१, ताशी साधारण ६० ग्रॅमला भरून जातात. त्यापेक्षा जास्त ग्लुकोज दिलं तर ते आतड्यात पडून राहतं. फ्रुक्टोजचा दरवाजा वेगळा, जीएलयूटी५. दोन्ही एकत्र दिले तर ताशी ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. आस्कर ज्यूकेनड्रप यांच्या कामामुळे ही गोष्ट आता सगळ्यांच्या तोंडी आहे. आपण सगळे ९०, १०० असे आकडे एकमेकांना सांगतो. पण हे ग्रॅम किती पाण्याबरोबर आत जातात, यावर फार कमी बोलणं होतं. द्रावण घट्ट असेल तर जठर ते पुढे सोडायला वेळ लावतं, आणि आतड्यात गेल्यावर ते शरीरातलंच पाणी ओढून घेतं. वरून आपण पळतोय म्हणजे रक्त पायांकडे आणि उन्हात असू तर कातडीकडे, पोटाच्या वाट्याला उरतं ते फार थोडं. तीन गोष्टी एकाच वेळी, आणि तिन्ही तासागणिक साचत जातात.

आता माझं गणित. पेयाच्या पाकिटावर लिहिलंय, ५०० मिली पाण्यात ६० ग्रॅम कार्ब्स (कर्बोदकं). जेलच्या पाकिटावर २५ ग्रॅम, सोबत थोडं पाणी. दोन्ही सूचना आपापल्या जागी रास्त. पण ट्रेलवर जेलसोबतचं ‘थोडं पाणी’ म्हणजे हातातला तोच फ्लास्क. म्हणजे तासाला ८५ ग्रॅम ५०० मिलीत, जवळपास १७ टक्के. पेयाच्या बाबतीत ६ ते ८ टक्के आरामाचे मानतात. जठराला पाकिटं वेगळी दिसत नाहीत, आत सगळं एकच.

दुसरा आकडा घामाचा. हा प्रयोग न केलेल्यांनी या आठवड्यातच करा, फक्त वजनकाटा लागतो. पळायच्या आधी कोरड्या अंगाने वजन, तासभर पळून अंग पुसून पुन्हा वजन, मध्ये प्यायलेलं पाणी वजनातल्या घटीत मिळवायचं. एक किलोची घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. माझा गार रात्री तासाला ८५० मिली निघाला आणि भर दुपारी १२०० च्या वर. मी मात्र दोन्ही वेळी ५०० च पीत होते, कारण फ्लास्क ५०० चा! किती प्यायचं हे शरीराच्या ऐवजी बाटलीचा कारखाना ठरवत होता. उलट बाजूही लक्षात ठेवा. घामापेक्षा जास्त साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते मळमळीपेक्षा कितीतरी धोकादायक. तहान आणि काटा, दोघांनाही विचारायचं.

यातून नवीन मांडणी अशी झाली. एका फ्लास्कमध्ये ५०० मिलीत ४० ग्रॅम, म्हणजे ८ टक्के. दुसऱ्यात नेहमी साधं पाणी, त्याला दुसरं काही लागू द्यायचं नाही. तासातून एकदा ३० ग्रॅमचं जेल, पण ते अर्धं-अर्धं, आणि प्रत्येक अर्ध्यावर साध्या पाण्याचे मोठे घोट, मिळून २५० मिली. बेरीज ७० ग्रॅम ७५० मिलीत, सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास. ग्रॅम कमी झाले हे खरं, पण नवव्या तासानंतर शून्यावर येणाऱ्या ८५ पेक्षा शेवटपर्यंत टिकणारे ७० मला हवेत. माल्टोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजचीच साखळी) आणि फ्रुक्टोज एकास ०.८ या प्रमाणात घरी मिसळते. मीठ पेयातच घालते. एक ग्रॅम मिठात ३९० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, त्यामुळे कॅप्सूलशिवाय हिशेब नीट बसतो.

आणि हे थेट लॉन्ग रनला नेलं नाही. कित्येक आठवडे मधल्या वारच्या साध्या दीड तासाच्या रनलाही पूर्ण ७० च्या दराने प्यायले-खाल्ले, गरज नसताना. आतड्यालाही सराव लागतो. सुरुवातीला पोट फुगायचं, नंतर नंतर त्याने कुरकुर सोडली.

शेवटचा बदल वेगाचा. पहिले तीन तास चढावर ठोके १३५ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, गेलेच तर चालायचं. हे सर्वांत जड गेलं. ताजे पाय, मऊ माती, पुढे हलणारा दुसऱ्याचा हेडलॅम्प, आणि आपण हात मांडीवर ठेवून चालतोय. पण पहिल्या तीन तासांत पोटाला मिळालेलं रक्त नवव्या तासाला कामी येतं, यावर माझा आता पक्का विश्वास बसलाय.

तर परवाची रात्र. लूप नेहमीचाच, कड्याखालून वर जाणारा, वरच्या धारेवरून ओढ्यापर्यंत उतरणारा. आठव्या तासाला मला भीतीच वाटायला लागली होती, कारण शरीराला ती वेळ पाठ आहे. शेवटच्या मोठ्या चढाच्या डोक्यावर, जिथे दगडाची कंबरभर पायरी आहे, तिथे थांबून जेल उघडलं. अर्धं जिभेवर घेतलं आणि वाट पाहिली. तोंडात पाणी सुटलं नाही. साध्या पाण्याचे चार घोट घेतले. एक ढेकर आली, कोरडी, आंबट नसलेली. खाली वाकून लेस बांधली, डोकं खाली केलं तरी काही वर आलं नाही. मग धार पळत पार केली. पोटात हेलकावा नव्हता. जे आत जात होतं ते पुढे सरकत होतं. त्या क्षणी मी मोठ्याने ओरडले, आणि रात्री डोंगरात ओरडल्यावर किती बरं वाटतं ते सांगून कळणार नाही.

उतारही जिंकला, तोही नोंदवून ठेवते. ओढ्याकडचा दगडी टप्पा प्रथमच न थांबता उतरले. छोटी पावलं, नजर तीन-चार पावलं पुढे, हात मोकळे. उतारावर क्वाड्स लांबत असतानाच भार झेलतात, खरी मोडतोड तिथेच होते. पण एकदा अशी मार खाल्लेली मांडी पुढचे काही आठवडे तसाच मार कमी दुखत सोसते. दर दोन-तीन आठवड्यांनी एक जोरदार उतार-सत्र ठेवायचं ते याचसाठी. दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरले.

सामानाबद्दल माझं मत. २८ मिमी तोंडाचे सॉफ्ट फ्लास्क पावडर वापरणाऱ्यांनी घेऊ नयेत. अंधारात, थंड बोटांनी, डुगडुगत्या पिशवीच्या त्या तोंडात पावडर ओतताना निम्मी मनगटावर जाते आणि पुढचे दोन तास सगळं चिकट. ४२ मिमीचे घ्या. रात्री उठून दिसावं म्हणून साध्या पाण्याच्या फ्लास्कला गळ्याशी चमकती पट्टी बांधलीय, हात आपोआप बरोबर जातो. पावडर आधीच तासातासाच्या पुड्यांत मोजून ठेवा, आणि फ्लास्कमध्ये पाणी आधी, पावडर नंतर, नाहीतर तळाला गोळा बसतो. फ्रुक्टोज ज्यांच्याकडून मागवत होते त्यांची मागची पिशवी ओलसर, गठ्ठा झालेली आली. मी तिथून घेणं थांबवलंय. या मालाला पॅकिंग हेच सर्वस्व. जेलच्या ब्रँडवरून भांडत बसण्यात मात्र मला आता रस उरला नाही. चव सोसवेल ते घ्या आणि पाणी मोजा.

पुढचं वेळापत्रक मी असं लिहून ठेवलं होतं: आता पोल्सचा (चढाला आधार देणाऱ्या काठ्यांचा) सराव, मग १०० किमीची क्वालिफायर, म्हणजे पात्रता शर्यत, मग शंभर मैल. पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात घुसलीय आणि निघत नाही. परवा रात्र गार होती. पोट टिकलं त्यात मांडणीचा वाटा किती आणि गारव्याचा किती? मागच्या थंडीतल्या रात्रीच्या रनलाही जुन्या पद्धतीने पोट गेलंच होतं, त्यामुळे सगळं श्रेय हवेला नाही, एवढं म्हणता येतं. पण उन्हाची परीक्षा बाकी आहे, आणि माझ्या स्वप्नातली शर्यत उन्हाचीच आहे.

वेस्टर्न स्टेट्सबद्दल मी किती वेळा बोललेय ते तुम्ही जाणता. १९७४ साली गॉर्डी एन्सली घोड्यांच्या शर्यतीच्या वाटेवर स्वतःच्या पायांनी पळाला आणि २३ तास ४२ मिनिटांत पोचला, तिथून हा शंभर मैलांचा खेळ उभा राहिला. चढ साडेपाच हजार मीटरच्या आसपास, उतार सात हजार, कटऑफ ३० तास, आणि मधल्या दऱ्यांतलं ऊन कडक वर्षी ४० अंशांच्या घरात जातं. आल्प्समधल्या यूटीएमबी शर्यतीला दहा हजार मीटर चढ आहे, ४६ तासांहून जास्त वेळ आहे, पण तिथे थंडी आणि झोप हे शत्रू. माझ्या पोटाचा खरा वैरी वेस्टर्न स्टेट्समध्ये बसलाय. दऱ्यांतून वर येऊन ७८ व्या मैलावर रकी चकीला नदी ओलांडायची, तेव्हा पोट चालू असलं पाहिजे.

म्हणून पोल्स मागे. आता ऊन पुढे. उष्णतेची सवय व्हायला रोजचा सराव धरून साधारण १० ते १४ दिवस लागतात. रक्तातला प्लाझ्मा वाढतो, घाम लवकर सुरू होतो, त्याच वेगाला ठोके कमी लागतात. हे सगळं पोटाच्याही पथ्यावर पडणार, कारण कातडी आणि पाय यांच्या ओढाताणीत पोटाला थोडं जास्त रक्त उरेल. आधी ही सवय, मग तोच लूप, तीच मांडणी, पण सुरुवात सकाळी उशिरा, म्हणजे तिसरा ते सातवा तास भर उन्हात.

पाण्याचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये. घाम १२०० चा आणि ७५० मिलीत ७० ग्रॅम, हे उन्हात चालणार नाही. पाणी ९०० ला नेऊन कार्ब्स ६० वर आणायचे, असा एक विचार आहे. दुसरा आत्ता सुचला: उन्हाच्या तासांत जेल पूर्ण बंद, फक्त पातळ पेय, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा ७०. दुसरा जास्त पटतोय, कारण उन्हात घट्ट काही गिळायची इच्छाच मरते आणि तेव्हा जिभेशी भांडण नको. गळ्यात बर्फाचा रुमालही हवा, लूपच्या सुरुवातीला शीतपेटी ठेवून दर फेरीला भरता येईल. १३५ ची मर्यादा उन्हात १३० करावी का, यावर ज्यांनी गरम शर्यती केल्यात त्यांनी सांगा. तुमच्यापैकी कुणी उन्हात जेल सोडून फक्त पेयावर पाच-सहा तास काढलेत का? प्रमाण काय होतं, आणि नंतर घन पदार्थ पुन्हा सुरू करताना पोटाने घेतलं का? क्वालिफायरची नोंदणी या उत्तरांवर आणि त्या दुपारच्या लूपवर अवलंबून ठेवलीय.