काळ्या रानातनं बर्फावर : घसरणीची नोंद, चौथी

मागच्या तिन्ही नोंदी चिखलाच्या होत्या, ही बर्फाची आहे. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, माझी जुनी बोलेरो, टू व्हील ड्राईव्ह, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना, आणि प्रॅक्टिसचं मैदान म्हणजे मामाचं मंगळवेढ्याचं ज्वारीचं रान. काळी माती भिजली की काय होतं हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, वरचा दोन बोटं थर साबण होतो आणि खालचा डिंक, टायरला माती अशी चिकटते की दोन चकरांत नक्षीच दिसत नाही, नुसता काळा गोळा फिरत असतो. तिथं तीन पावसाळे घालवून मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो, की रेस सोडायची नाही. चाक फिरत ठेवायचं, फिरलं की नक्षीतली माती उडते, नक्षी उघडी पडली की खाली कुठंतरी घट्ट जमीन सापडते आणि गाडी निघते. रेस सोडली की बसली. ह्या शहाणपणाच्या जोरावर मी बर्फावर गाडी चालवायचा कोर्स करायला हिमाचलला गेलो आणि शनिवारी सकाळी साडेनऊला ते शहाणपण बर्फात रुतलं.

कोर्स दोन दिवसांचा, मनालीच्या वर सोलंगच्या बाजूला. शिकवणारे तिघं, तिघंही तिथलेच, त्यातला मोठा पूर्वी रॅलीत गाडी चालवायचा, सगळे त्याला उस्ताद म्हणतात म्हणून मीही तेच लिहितो. बॅचला सहा जण. फी म्हणाल तर तेवढ्यात बोलेरोला नवे टायर आले असते, हा हिशोब बायकोने माझ्या आधी करून ठेवला होता. आईची एकच अट, गड्डा, म्हणजे आमची सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, झाल्याशिवाय गाव सोडायचं नाही. मग नंदीध्वज, अक्षता, दारूकाम सगळं उरकून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कर्नाटक एक्सप्रेस पकडली, दिल्लीहून पुढं रात्रीची बस. बॅगेत कडक भाकरी, शेंगा चटणीचा स्टीलचा डबा आणि दोन चादरी, कारण आईच्या मते जगातल्या कुठल्याही थंडीला सोलापुरी चादर पुरते. पुरत नाही. दोन्ही एकावर एक घेतल्या तरी पुरत नाही.

मैदान म्हणजे सफरचंदाच्या बागेमागचं एक सपाट शेत. अर्ध्या भागात गाडी फिरवून फिरवून दाबलेला बर्फ, आणि उरलेल्या भागात रात्री पाईपने पाणी सोडून गोठवलेली काच. आपण उसाला पाणी सोडतो तसं ही माणसं रात्री उठून बर्फाला पाणी देतात, हे बघून मला पहिल्यांदा जरा घरच्यासारखं वाटलं. गाड्या तीन, एक जिप्सी, एक जिम्नी (दोन्ही मारुतीच्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या) आणि एक साधी पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी. सकाळी काट्यावर उणे आठ.

पहिला अर्धा तास गाडीत बसूच दिलं नाही, टायर दाखवले. एका बाजूला ऑल टेरेन टायर, मोठे मोठे ठोकळे, माझ्या बोलेरोला आहेत तसेच, मी मनात म्हटलं आपण शहाणे, बरोबर टायर घेतलेत. दुसऱ्या बाजूला विंटर टायर, बघायला अगदीच किरकोळ, ठोकळ्यांवर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक बारीक नागमोडी चिरा. उस्ताद म्हणाले नख लावा. ऑल टेरेनला नख लावलं तर बादलीच्या प्लास्टिकला लावल्यासारखं, काहीच उमटत नाही. विंटर टायरला नख रुतलं आणि हळूच वर आलं, त्या उणे आठमध्ये. साधा रबर साधारण ७ अंशांच्या खाली गेला की कडक होत जातो आणि पकड सोडतो, ह्या टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. त्या बारीक चिरांच्या कडा बर्फाला ओरबाडतात, शिवाय चिरांत आणि नक्षीत थोडा बर्फ भरून राहतो तो चांगलाच, कारण बर्फाला बर्फ धरतो. म्हणजे बघा, चिखलात नक्षी रिकामी व्हायला पाहिजे आणि इथं भरलेली पाहिजे. माझ्या डोक्यात तेव्हाच घंटी वाजायला हवी होती, नाही वाजली. साईडवॉलवर तीन शिखरं आणि मधे हिमकण असा शिक्का असेल तर तो खरा विंटर टायर, नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर फार भरवसा ठेवू नका असं ते म्हणाले. आपल्याकडं घेऊ नका कुणी, सोलापूरच्या मे महिन्यात हे टायर खोडरबरासारखे झिजतील.

मग ब्रेक. ताशी ३० वर यायचं, खुणेच्या प्लास्टिकच्या कोनाशी ब्रेक मारायचा, थांबल्यावर उतरून पावलं मोजायची. मीटरटेप नव्हती, पावलं माझीच, त्यामुळं आकडे माझ्यापुरतेच धरा. दाबलेल्या बर्फावर १९ पावलं. काचेवर ४६. आणि दुपारी ऊन आल्यावर त्याच काचेवर ६३! मला वाटायचं जितकी थंडी जास्त तितकं घसरडं, उलटं निघालं. शून्याच्या जवळ आलं की बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा येतो आणि तोच मारतो, कडक थंडीतला कोरडा बर्फ त्यामानाने बरा. हिशोबाने बघायचं तर कोरड्या डांबराची पकड ०.७ च्या आसपास, दाबलेल्या बर्फाची ०.२ ते ०.३ आणि काचेची ०.१ किंवा त्याहून कमी, म्हणजे ताशी ३० ला डांबरावर जी गाडी ५ मीटरमध्ये उभी राहते तिला काचेवर ३५ मीटर लागतात, आणि वेग दुप्पट केला की अंतर चौपट. कागदावर हे सगळं माहीत होतं हो. पण ब्रेकवर पाय घट्ट असताना खिडकीतनं बाहेरचं झाड निवांत मागं जाताना बघणं वेगळं.

एक गंमत, जिप्सीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय, नाही, जिम्नीला आहे. भुसभुशीत बर्फात जिप्सी चाकं लॉक होऊन जिम्नीच्या आधी थांबली, कारण लॉक झालेल्या चाकापुढं बर्फाचा ढीग साचतो आणि तोच पाचर लावल्यासारखा अडवतो. आमच्यातला एक जण लगेच म्हणाला बघा जुनी गाडी ती जुनी गाडी. उस्तादांनी त्यालाच परत पाठवलं, ह्यावेळी मधे कोन ठेवून. जिप्सी कोनावरनं सरळ गेली, स्टेरिंग पूर्ण वळवलेलं तरी. जिम्नी पाय थरथरवत का होईना पण वळून गेली. फोर बाय फोरचंही तसंच, निघायला चारही चाकं कामाला येतात, थांबायला मात्र सगळ्याच गाड्यांना चार चाकं आणि चार ब्रेक.

आता माझी फजिती. वळणावर जिम्नी बाहेर गेली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक घालून बसली, ह्यात काही विशेष नाही, दिवसभरात सगळेच बसले. विशेष पुढं आहे. रिव्हर्स टाकला आणि हात पायांनी जे तीन पावसाळे केलं तेच केलं, रेस धरून ठेवली. चाकं भन्नाट फिरली, पांढरा फवारा उडाला, मला वाटलं आता नक्षी साफ होईल आणि निघेल. दहा सेकंदांनी उस्तादांनी काचेवर टकटक केलं. "भाई साहब, ये कीचड़ नहीं है." खाली उतरून बघितलं तर चारही चाकांखाली चार चकचकीत वाट्या, गरगर फिरून चाकांनी बर्फ वितळवला आणि तो तिथंच परत गोठला, हात फिरवला तर घरच्या स्टीलच्या ताटासारखा गुळगुळीत. म्हणजे मी स्वतःच्या हातानं स्वतःखाली आरसा तयार केला. खाली घट्ट जमीन वगैरे काही नाही, जितकं फिरवाल तितकं वाईट. मग फावड्याने त्या वाट्यांच्या कडा फोडल्या, चाकांमागं राख टाकली (हीटरवर नाही, बुखारीवर, म्हणजे लाकडाच्या शेगडीवर, गरम होतं ते गाव, राखेला तोटा नाही), रिव्हर्समध्ये क्लच अगदी केसाएवढा सोडला आणि गाडी कुणी मागून हळूच ओढल्यासारखी बाहेर. रेस शून्य. मला खरंच जरा अपमान झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर दुपारभर गोल. काचेवर मोठा गोल, छोटी गाडी, दुसरा गिअर, गोल फिरत राहायचं. वेग जरा वाढला की पुढची चाकं धरत नाहीत, गाडी सरळ बाहेर निघते, आणि सहाच्या सहा जणांनी तेच केलं जे कुणीही करेल, स्टेरिंग अजून वळवलं. अजून वळवून काही होत नाही, चाक आडवं होऊन नुसतं घासत जातं. करायचं काय, तर रेस हळू सोडायची, स्टेरिंग उलट थोडं सरळ करायचं, आणि वाट बघायची. हे वाट बघणं लिहायला दोन शब्द आहेत पण तिथं बसून दीड सेकंद म्हणजे सिद्धेश्वर एक्सप्रेसची दौंडला बघितलेली वाट. गाडी ढिगाकडं निघालीय, तुम्ही बरोबर ते सगळं केलंय, आणि काहीही होत नाही. हात शिवशिवतात. मग एकदम स्टेरिंगमध्ये वजन येतं, पुढचं चाक धरतं आणि नाक आत येतं. ते वजन परत आलेलं तळव्याला कळलं की समजायचं जमलं. मला अकराव्या का बाराव्या फेरीत पहिल्यांदा कळलं.

जिप्सी टू व्हीलमध्ये टाकून मागचं घसरवायचा सराव मला त्यामानाने सोपा गेला, बोलेरोचं बूड मी बऱ्याचदा सांभाळलंय. तिथंही चूक सापडली पण. मी उलट स्टेरिंग मारायचो बरोबर, पण परत सरळ करायला उशीर, त्यामुळं गाडी दुसऱ्या बाजूला झोका घ्यायची. चिखल हा झोका गिळून टाकतो म्हणून मला कधी कळलंच नाही, बर्फ नाही गिळत. उस्तादांचं म्हणणं, तुम्ही ढिगाकडं बघता म्हणून ढिगात जाता, जायचंय तिकडच्या झाडाकडं बघा, हात आपोआप जातात. ऐकायला भाबडं वाटतं, पण झाडाकडं बघून केलेल्या सहा फेऱ्यांत एकदाच फिरलो, आणि बोनेटकडं बघून केलेल्या सहात पाच वेळा.

चटणीचा डबा इथं आला. दुपारी भाकरी खाऊन मी तो डॅशबोर्डवर ठेवला आणि विसरलो, पुढची फेरी सुरू झाल्यावर डबा ह्या टोकाचा त्या टोकाला. मी उचलायला गेलो तर उस्ताद म्हणाले राहू दे. मग तो डबाच मीटर झाला, डबा सरकला की तुमचा पाय किंवा हात रांगडा आहे. दिवसाच्या शेवटी सलग तीन फेऱ्या डबा जागचा हलला नाही. चौथीत खाली पडला, झाकण उघडलं आणि जिप्सीच्या मॅटवर लालभडक चटणी. राहिलेली उस्तादांनी रात्री राजम्यात कालवून खाल्ली आणि पाणी मागितलं नाही, मानलं त्यांना.

रविवारी अर्धा दिवस रस्त्यावर, जिम्नीतनं, सोलंगकडनं धुंडीच्या दिशेनं अटल टनेलच्या तोंडापर्यंत. बर्फ पडला की पोलीस फोर बाय फोरशिवाय वर सोडत नाहीत, ते योग्यच आहे. ह्या रस्त्यावर पांढरं दिसतं त्याची भीती नाही, काळं दिसतं त्याची आहे. डोंगराच्या सावलीतलं वळण, वरनं झिरपणारं पाणी रात्री गोठलेलं, दिसायला नुसता ओला डांबरी रस्ता. एका वळणाआधी गाडी थांबवून आम्हाला उतरवलं आणि बूट घासून बघा म्हणाले. घासायची वेळच आली नाही, मी उभ्याउभ्याच बसलो. तेव्हापासून वेग वळणाच्या आधी, उन्हात असतानाच उतरवायचा, सावलीत शिरल्यावर पाय कशालाच लावायचा नाही, ना ब्रेकला ना रेसला. रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढायचा नाही हेही तिथंच कळलं, ओले ब्रेक गोठून चिकटतात, गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावायचा. वायपर उभे करून ठेवायचे.

परत येऊन दहा दिवस झाले. फेब्रुवारीत आपल्याकडं चिखल कुठला, म्हणून मामाला सांगून ज्वारी काढलेल्या एका तुकड्यात मोटर लावून पाणी सोडलं. बांधावर बसून मामा म्हणाला, "लेका, सरकायचं शिकायला एवढ्या लांब पैसे भरून गेलतास व्हय, आमची बैलगाडी फुकट सरकती की." रविवारी सकाळी दोन तास बोलेरो फिरवली. ताशी ३० वरनं ब्रेक, २७ पावलं, पाच वेळचा सरासरी आकडा, म्हणजे आपली माती बर्फ आणि काचेच्या मधे कुठंतरी. जुन्या सवयीनं रेस धरून वळण घेतलं तर गाडी वळते पण रुंद जाते आणि मागचं बूड मोकळं सुटतं. सोडून, वाट बघून घेतलं तर दीड हात आतनं जाते, बांधावर खुंट्या ठोकून तीनदा बघितलं. रुतल्यावर मात्र बर्फाचा धडा इथं चालत नाही, क्लच केसाएवढा सोडून बघितला, गाडी अजून खाली बसली, शेवटी रेस धरून फवारा उडवूनच निघाली. मामाच्या पांढऱ्या टोपीवर त्यातला बराच गेला.

पुढची नोंद जूनमध्ये, पहिला पाऊस लागला की. तोपर्यंत मला साध्या रस्त्याच्या टायरचा जुना सेट हवाय, २१५/७५ आर १५, नक्षी निम्मी झिजलेली चालेल, उलट बरीच. त्याच तुकड्यात ऑल टेरेन आणि ते आलटून पालटून पावलं मोजायचीत. सोलापूर, मोहोळ, पंढरपूर भागात कुणाकडं गॅरेजमागं पडून असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जातो.