पाच हजार मागून 2,800 वर सही कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भाचा विचारतो, सोसायटीतले विचारतात: "मागणीपत्रात पाच हजारांची पगारवाढ लिहायची आणि 2,800 वर सही करायची, हे नाटक कशाला? आधीच खरा आकडा सांगा ना!" एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी अकरा वर्षं युनियन कमिटीवर होतो, म्हणून प्रश्न माझ्याकडेच येतो.

थोडं नाटक असतंच. पण पाच हजार हा आकडा गेट मीटिंगमध्ये ठरतो. पाळी सुटलेली, हातात डबे, कुणाचं घरभाडं वाढलेलं, कुणाच्या पोरीची फी थकलेली. तिथे "तीनच मिळतील" म्हणालात, की मागून आवाज येतो, "साहेबांनी चहा पाजला वाटतं!"

शिवाय कंपनीचंही मागणीपत्र असतं, हे बाहेर कुणाच्या गावीही नसतं. आमच्या एका कराराच्या वेळी त्यांना पाळीला 90 ऐवजी 110 नग हवे होते, आणि चहाची सुट्टी दहा मिनिटांनी कमी. नगांवर गाडं दीड महिना अडलं. शेवटी त्यांची दोन माणसं आणि आमची दोन, स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी उभी राहिली. ड्रिल बोथट झालं की बदलायला चार मिनिटं जातात, आणि ती त्यांच्या हिशेबात धरलेलीच नव्हती. 98 वर मिटलं.

मग पैसे टाकायचे कुठे? साहेब विशेष भत्त्यात हसत हसत द्यायचे, बेसिकचं, म्हणजे मूळ पगाराचं, नाव काढलं की कपाळाला आठ्या. कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी तेव्हा बेसिक आणि महागाई भत्त्यावर निघायची: त्या पगाराला 26 नं भागायचं, 15 नं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. बेसिकमधल्या हजार रुपयांनी तीस वर्षं राबलेल्या माणसाला सतरा हजारांवर जास्त मिळायचे. विशेष भत्त्यातल्या हजाराचे शून्य. आमच्या 2,800 पैकी 2,000 बेसिकमध्ये होते. तो आकडा कुणी विचारत नाही.

आणि टेबलावर कोण बसतं, हे तर पैशांहून मोठं. 1982 साली डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं बोलणी करण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या युनियनकडेच होता. माणसं एकीकडे, सहीचा अधिकार दुसरीकडे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

आमचा करार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, समेट अधिकाऱ्यासमोर झाला. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली असा करार सगळ्यांना लागू व्हायचा, सभासद नसलेल्यालाही. वर्गणी चुकवणारे एरियर्सच्या, म्हणजे मागच्या फरकाच्या, रांगेत सर्वांत पुढे होते, ते सोडा.

संध्याकाळी गेटवर करार वाचून दाखवला. बेसिक, नग, एरियर्स, सगळं. पहिला हात वर झाला तो हीट ट्रीटमेंटमधल्या एका म्हाताऱ्याचा, भट्टीपाशी उभं राहून चेहरा काळवंडलेला.

"चहाची दहा मिनिटं राहिली ना?"

राहिली होती.